गावंडे मॅडम आणि मोठ्या विहिरीचा दगड

गावंडे मॅडमचा इतिहासाचा तास चपला घालून सुरू व्हायचा. आमच्या शाळेत चपला वर्गाबाहेर काढून आत बसायची पद्धत आहे. मराठीला, गणिताला मुलं अनवाणीच असतात. पण इतिहासाची घंटा झाली की मॅडम दारात उभ्या राहून ओरडायच्या, "चला रे पोट्टेहो, घाला चपला!" मग व्हरांड्यात जी झुंबड उडायची, ती पाहून मुख्याध्यापक राठोड सर हातातलं काम टाकून खिडकीशी यायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "मॅडम, आज कुठी?" आणि मॅडमचं उत्तरही ठरलेलं, "पाय नेतीन तिकडं, सर." ज्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला असेल त्याला मॅडमच्या पर्समधली सेफ्टी पिन मिळायची. चप्पल तुटली म्हणून कोणी मागे राहिलेलं त्यांना चालत नसे.

मी पुसदची. घरातले सगळे नोकरी करणारे, माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. इतिहास म्हणजे पुस्तकात जाड अक्षरांत छापलेले शब्द पाठ करायचे आणि परीक्षेत योग्य रिकाम्या जागेत टाकायचे, इतकंच मला ठाऊक होतं. फुलसावंगीच्या पुढच्या या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मी प्रशिक्षणार्थी म्हणून आले तेव्हा माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नव्हता. मुलांची बोली मला कळायची, पण माझ्या तोंडून निघायची नाही. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "मॅडम, तुमी टीव्हीतल्यावानी काहून बोलता?" सगळा वर्ग हसला. मी गप्प झाले ती बरेच दिवस गप्पच राहिले. गावंडे मॅडमनी मला समजावलं नाही की धीर दिला नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाल्या, "नसन बोलाचं तं नोको बोलू. पाह्य. पाहनारं मानूसबी लागते शाळेत." मला आजवर कोणी दिलेली ती सगळ्यात सोपी नोकरी होती. मी पाहू लागले.

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, अंगाने भरलेल्या. साडीखाली स्पोर्ट शूज. फुलसावंगीहून स्कूटीवर यायच्या आणि गावात शिरतानाच कोणाच्या तरी ओट्यावरच्या म्हातारीशी गाडी थांबवून बोलायच्या. त्यामुळे परिपाठाला रोज उशीर व्हायचा. रागीट होत्या. राग आला की आधी डोळे बारीक करायच्या आणि मग अगदी गोड आवाजात विचारायच्या, "कायच्यावरून?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. राजा शूर होता. कायच्यावरून? आपलं गाव जुनं आहे. कायच्यावरून? मुलांना तो इतका लागला होता की एकदा राठोड सर पंगतीत म्हणाले, "आज खिचडीत वाटाणा आहे बरं का," तर ताटावर बसलेली सगळी चौथी एका सुरात ओरडली, "कायच्यावरून, सर?" सरांनी डाव घालून पातेल्यातून वाटाणा शोधून दाखवला तेव्हाच जेवण सुरू झालं. "मॅडम, तुमी हे पोट्टे बिघडवले," सर म्हणाले. "बिघडवले नाई, सर. तुमच्या वाटाण्याचा पुरावा पक्का झाला," मॅडम म्हणाल्या.

चौथीच्या पुस्तकात किल्लेच किल्ले. आमच्याकडे सपाट रान, कापूस, तूर, सोयाबीन. मॅडमनी शाळेमागे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा आणि मातीचा किल्ला रचून घेतला. आधी सरळ दरवाजा ठेवला आणि मुलांच्या एका तुकडीला बांबू घेऊन धावत धडक मारायला सांगितलं. दरवाजा उडाला, भिंतही पडली. मग वळणाचा दरवाजा बांधला. पुन्हा तीच तुकडी, तोच बांबू. वळणावर बांबू अडकला, मागचे पुढच्यांवर पडले आणि आतून चिखलाचे गोळे बसले. पडलेल्या मुलांना हात देत मॅडम म्हणाल्या, "आता सांगा, दरवाजा वाकडा काहून?" कोणालाच पाठ करावं लागलं नाही. मी मात्र तोच धडा माझ्या शाळेत एका वाक्यात पाठ केला होता आणि दरवाजा वाकडा का, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

त्याच दिवशी चिखल धुताना ईश्वरी म्हणाली, "मॅडम, आपल्या गावात इतिहास नाई का?" ईश्वरी ही देवरावकाकांची नात. देवरावकाका म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष.

"कोन म्हनलं नाई म्हनून?"

"पुस्तकात तं सगळं तिकडचंच आहे. पुन्याकडचं."

मॅडमचे डोळे बारीक झाले, पण ईश्वरीवर नाही. "तिकडचं लिहून झालं म्हनून दिसते, बाई. आपलं लिहाचं राह्यलं. पुस्तकात नाई म्हनून झालंच नाई का?"

सहल माहूरला गेली. इतर शाळांची मुलं किल्ल्याच्या बुरुजावर फोटो काढत होती आणि आमची मॅडमभोवती उभी होती. मॅडमनी राजाबद्दल एक शब्दही काढला नाही. किल्ल्यावरच्या टाक्याकडे बोट दाखवून विचारलं, "राजाले तहान लागली. पानी कोनं आनलं? थे लोक कुठी राहत होते? त्याईची खोली शोधा." मुलं तासभर त्या लोकांची खोली शोधत फिरली. सापडली नाही. परतताना एसटीत मॅडम खिडकीशी बसून म्हणाल्या, "राजाची खोली सापडते. पानी भरनाऱ्याची सापडत नाई. पाहा बापा, कसं आहे." आणि मग मागे वळून, "आपल्या गावात पानी कोन भरे? कुठून भरे? सोमवारी पाहू."

गावाच्या कडेला मोठी विहीर आहे. देवरावकाकांच्या आजोबांनी खोदलेली. नळ आल्यापासून तिच्यावर लोखंडी जाळी बसवली आहे. तिच्याभोवती दगडी ओटा आणि कमरेएवढा कठडा. रस्त्याच्या बाजूने, कठड्याच्या बाहेर, भिंतीतल्या एका खोल कोनाड्यात एक कोरलेला दगड होता. परातीसारखा, मधे खोलगट. वरच्या ओट्यावरून एक पन्हळ कठड्यातून निघून बरोबर त्या दगडावर उघडायची. ओट्यावर उभं राहून पन्हळीत पाणी ओतलं की ते बाहेरच्या दगडात पडे. मुलं रोज त्या दगडाजवळून शाळेत येत होती. मॅडमनी विचारलं, हा कशासाठी? सगळे एकदम म्हणाले, "ढोराईले पानी प्याले!"

"कायच्यावरून?" मॅडम म्हणाल्या. "घरी इचारून या. ज्याच्या घरी सगळ्यात म्हातारं मानूस असन त्याले इचारा."

दुसऱ्या दिवशी दोन उत्तरं आली. ईश्वरीच्या घरी सांगितलं होतं, ढोरांसाठी. समीक्षा भीमनगरात राहणारी, तिची आजी गयाबाई. ती म्हणाली, "माही आजी सांगते, थो दगड आमच्यासाठी होता. आमाले वर चढू देत नोते. वरून ओतत, आमी खालून भरू."

"तुही आजी खोटं बोलते," ईश्वरी म्हणाली.

"तुहे आबा खोटं बोलतात!"

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता मॅडमनी विषय बदलावा. माझ्या शाळेत अशा वेळी विषय बदलायचे. मॅडम म्हणाल्या, "आजी-आबाले मधात नोको आनू. दगडाले इचारा. ढोरासाठी असन तं ढोर पेईन."

"मी आमचा बैल आनतो!" ईश्वरी ताडकन उठली.

आणि तिने खरंच आणला. दुसऱ्या दिवशी तिचा काका वावरात जाता जाता बैल घेऊन विहिरीशी आला. "काय मॅडम," तो हसत म्हणाला, "आता बैलालेबी चौथीत बसोता का?"

"बसवतो ना. पयले परीक्षा तं होऊ द्या."

दगडात पाणी भरलं. बैल पुढे आला, मान खाली घातली आणि शिंगं कोनाड्याच्या वरच्या दगडावर आपटली. काकाने त्याला तिरपा केला. एक शिंग आत गेलं, दुसरं अडलं. ईश्वरी धावत जाऊन हिरवा चारा घेऊन आली आणि दगडात टाकला. बैलाने जीभ जमेल तेवढी लांब काढली, पाण्याला लागली नाही, फुरफुरला आणि रस्त्यातच शेण टाकून मोकळा झाला. मुलं हसून लोळली. ईश्वरी नाही हसली. ती बैलाची मान दोन्ही हातांनी खाली दाबत होती आणि म्हणत होती, "पे ना रे. पे ना." काकाच म्हणाला, "सोड माय, नाई बसत त्याचं थोबाड."

मग समीक्षाने घरून आणलेला गुंड, पाणी भरायचा हंडा, त्या दगडात ठेवला. तो बसला. नुसता बसला नाही, हलवला तरी हलेना. वर्षानुवर्षं गुंडांची बुडं घासून घासून तो खळगा झाला होता. मग ईश्वरी आपण होऊन ओट्यावर चढली, बादलीतलं पाणी पन्हळीत ओतलं आणि खाली समीक्षाचा गुंड भरला. थोड्या वेळाने ईश्वरी खाली उतरली. "आता तू वर जा," ती म्हणाली, "मी खाली बसतो." मॅडमनी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. त्या बाजूला उभ्या राहून साडीच्या पदराने चष्मा पुसत होत्या आणि तो पुसून झाला तरी पुसतच होत्या.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मुलांनी गावाचा नकाशा काढला. गेरूने रस्ते, निळीने नाला आणि विहिरी. मोठ्या विहिरीशेजारी लिहिलं, "येथे भीमनगरच्या लोकांना वरून पाणी ओतत. बैलाला येथे पाणी पिता येत नाही. आम्ही पाहिले." अक्षर ईश्वरीचं होतं, कारण वर्गात तिचंच चांगलं.

आठवड्याच्या आत व्हरांड्यात सभा बसली. समितीचे लोक सतरंजीवर, बाकीचे उभे, भीमनगरातल्या काही बाया दाराशी. राठोड सर सारखे घाम पुसत होते. सभेआधी ते मॅडमना म्हणाले होते, "मॅडम, एक वाक्य आहे. पुसून टाकू. बदली होऊन जाईन उगाच." मॅडम म्हणाल्या होत्या, "होऊ द्या, सर. बदली झाली तं तिथं बी विहीर असनच."

देवरावकाका वाईट बोलले नाहीत. वर्गातले पंखे त्यांनीच दिलेले, आणि त्याची आठवणही त्यांनी काढली नाही. "मॅडम, नकाशा चांगला आहे. राहू द्या. फक्त थो बैलाचा शब्द पुसा."

"काहून, काका? खोटा आहे का?"

"खोट्या-खऱ्याचं नाई. येनारे-जानारे वाचतात."

"वाचाले तं लिहिला."

"मॅडम," काकांचा आवाज खाली आला, "तुमी आपल्यातल्या असून असं करून राह्यल्या?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आपल्यातलीच आहो म्हनून सांगून राह्यली, काका. माह्या माहेरच्या विहिरीवर माही आजी वरून पानी ओते. मी तिच्या बाजूले उभी राहो. मले वाटे, किती चांगली माही आजी, लोकाईले पानी देते. चौथीतच होती मी. खालची बाई आपल्या हातानं काहून नाई काढत, हे मले एकाबी गुरुजीनं इचारलं नाई. म्हनून मी इचारतो." मग बसल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "अन् चुकलं असन तं दुसरा बैल आना. माह्या शब्दावर नोका जाऊ."

मागून कोणीतरी ओरडलं, "बैल नाई पेत, पन शेळी पेते!"

हशा झाला. मॅडमही हसल्या. "आना शेळी. पेली तं तेबी लिहितो."

सगळी सभा उठून विहिरीवर गेली. शेळी आली, कोनाड्यात आरामात तोंड घालून पाणी प्यायली आणि वर मान करून लोकांकडे पाहू लागली. टाळ्या पडल्या. "पाह्यलं मॅडम? जनावरासाठीच होता दगड," एकजण म्हणाला. मॅडमनी मान हलवली. "शेळी पेते. खरं आहे." त्या खरंच खडू शोधू लागल्या. मला वाटलं, हरलो.

तेवढ्यात गयाबाई पुढे आली. ती आणि देवरावकाका एका वयाचे, म्हणून ती त्यांना नावानेच हाक मारायची. "देवराव," ती म्हणाली, "तवा गावात शेळ्या आमच्याच पुऱ्यात होत्या. तुमच्या घरी एक नोती. मंग तुह्या आज्यानं एवढा दगड कोरला थो आमच्या शेळ्याईसाठी? आमच्या शेळ्याईले पानी देलं अन् आमाले नाई, असं म्हनतं का?"

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. देवरावकाका घराकडे वळले. गयाबाईने शेळीच्या पाठीवर थाप मारली, "जाय वो, झाली तुही साक्ष," आणि तीही गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक ओळ वाढली होती, "शेळीला पिता येते. पण शेळ्या भीमनगरात होत्या." मॅडमनी वाचली आणि फक्त एक काना दुरुस्त केला.

ती भिंत दिवाळीपर्यंत टिकली. मग कोणाची तरी भेट आहे म्हणून शाळेला रंग द्यायचं ठरलं आणि रंगाऱ्यांनी सुरुवात नेमकी त्याच भिंतीपासून केली. राठोड सर त्या दिवशी शाळेत आले नाहीत. उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मुकुटबनकडच्या एका गावात. बदल्या नियमाप्रमाणेच होतात, असं मला सांगण्यात आलं. मी कोणाला काही विचारलं नाही, कारण गावंडे मॅडम असत्या तर त्यांनी काय विचारलं असतं ते मला माहीत होतं आणि त्याचं उत्तर कोणी देणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्या कपाटातून आपल्या वस्तू काढत होत्या. दोरे, सुतळीचे गुंडे, एक फुटकं जातं, माहूरचे फोटो. मी मदत करत होते आणि मला रडू येत होतं. त्याचा त्यांना वैताग आला.

"काय झालं वो?"

"मॅडम, सगळं पुसलं ना. भिंत रंगवली. तुम्हीही चाललात. मग उपयोग काय झाला?"

"भिंत रंगवली," त्या सुतळी गुंडाळत म्हणाल्या. "दगड कुठी रंगवला?"

"उद्या तोही काढून नेतील."

"नेऊ दे. तं खड्डा राह्यते. खड्डा पाहून पोट्टे इचारतात, इथं काय होतं? मानसं बी उत्तर देत नसतीन तं खड्डाच इचाराले लावते." मग त्यांनी ते फुटकं जातं माझ्या हातात दिलं. "हे जड आहे, गाडीवर नाई नेता येत. तू ठेव. अन् रडू नोको. तुह्यावर तं अजून कोनी सभाबी नाई बोलावली."

मी आता त्याच शाळेत कंत्राटी शिक्षिका आहे. मॅडमशी फोनवर बोलणं होतं. नव्या गावात त्यांच्या वर्गाने जुन्या जिनिंग कारखान्याच्या भिंती मोजायला घेतल्या आहेत आणि तिथले मुख्याध्यापकही आता खिडकीशी येऊन विचारतात, असं ऐकते. त्यांची तक्रार इतकीच की तिथली कोलाम आदिवासींची मुलं त्यांच्या कोलामी भाषेत प्रश्न विचारतात आणि मॅडमना आधी ते प्रश्न शिकावे लागतात. "या वयात मी चौथीत बसली," त्या म्हणतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज फार खुशीत असतो.

या वर्षी मोठ्या विहिरीच्या कठड्याला प्लास्टर झालं आणि त्या कामात दगड गेला. कुठे गेला ते कोणी सांगत नाही. कोनाडा विटांनी बुजवला. खाली मुरूम टाकला, पण पाऊस पडला की मुरूम बसतो आणि तिथे पाणी साचतं.

मागच्या महिन्यात मी तिसरीचा वर्ग घेऊन तिकडून जात होते. एका मुलीचा पाय त्या पाण्यात गेला. तिने खाली पाहिलं, बुजवलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, इथं काय होतं?" देवरावकाका समोरच्या पारावर बसले होते. त्यांनी मान वर केली. शाळेत गेल्यावर सांगते, असं म्हणून पुढे जाणं सोपं होतं. मी तिथेच थांबले. इथे दगड होता, मी म्हणाले. वरून पाणी ओतत आणि खालून भीमनगरच्या बाया भरत. बैलाला इथे पिता येत नव्हतं. शेळीला येत होतं. गुंड मात्र बरोबर बसायचा. मी पाहिलं आहे.

मुलं ऐकत होती. काकाही ऐकत होते. कोणाला हे खोटं आहे असं म्हणायचं असेल तर म्हणता यावं, म्हणून मी थोडा वेळ थांबले. कोणी म्हणालं नाही. मग आम्ही पुढे गेलो.